पावणेनऊ इंचांची भाकरी

केडगावला मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, ते घरमालक माणसाला नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या अलीकडचा, म्हणून मी 'अकोले'. त्यांचे जावई 'शेवगाव'. दूधवाला जवळच्याच एका वाडीचा, त्याला नुसतं 'वाडी'. जन्मभर सरकारी मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या त्यांनी. माणसं येतात जातात, गाव जागेवर राहतं, असं त्यांचं म्हणणं. बायकोलासुद्धा माहेरच्या गावानं हाक मारतात की काय, हे मी पहिले काही महिने कान देऊन ऐकलं. तसं नव्हतं. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ते 'अगं' म्हणायचे. घरात एवढी एकच सूट होती.

निवृत्त होऊन वर्षं झाली तरी टेप हातातून सुटली नव्हती. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी ती दाखवली नाही, मोजून दाखवली. "लोक दहा बाय बारा सांगतात. ही नऊ फूट दहा इंच बाय अकरा फूट आठ आहे. घ्यायची तर घ्या, पण मागनं लहान पडते म्हणायचं नाही." एवढा खरा घरमालक मला नगरात दुसरा भेटला नव्हता, म्हणून घेतली. ती लहानच पडली, पण बोलायची सोय नव्हती.

"माप खोटं बोलत नाही, अकोले," ते सांगायचे. "चूक माणसात असते."

काहीही मोजलं की पंच लागायचा. भिंतीची ओल मोजायची, पंच. टाकीतलं पाणी मोजायचं, पंच. खालून मला हाक यायची आणि मी बनियनवर खाली जाऊन पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचायचो. मग वहीत सही. कंपनीत मी सुपरवायझर होतो, पण माझ्या सगळ्यात जास्त सह्या या माणसाच्या वह्यांत आहेत.

यांतली एक वही भाकरीची होती. रोज सकाळी काकूंची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की मालक तिच्यावर फूटपट्टी ठेवायचे, आकडा लिहायचे आणि पंच म्हणून माझी सही घ्यायचे. का, ते त्यांना विचारायचं नसतं. काकू सुरुवातीला हसायच्या. "मोजा बाबा," म्हणायच्या, "भाकरी मोजून कुनाचं पोट भरलंय का आजवर?" पुढं पुढं हसायच्या थांबल्या. ते कधी थांबलं, हे मात्र कुठल्याच वहीत नव्हतं.

टाळेबंदीच्या आधीच्या शुक्रवारी शेवगावहून त्यांचे व्याही आणि विहीणबाई आले होते. नगरला कुणाच्या तरी लग्नाला आलेले, दुपारी जेवायला इकडे. काकूंनी मटण केलं होतं. वास वरपर्यंत आला होता आणि मी बोलावण्याची वाटच बघत होतो. बोलावणं आलं. "अकोले, खाली या. पंच पाहिजे."

गेलो. पंगत बसलेली. विहीणबाईंच्या ताटातल्या भाकरीवर पट्टी.

"वाचा."

"पावणेनऊ," मी वाचलं. माझं लक्ष मटणात होतं, खरं सांगतो.

"बघा," मालक व्याह्यांना म्हणाले. "दोन वर्षांखाली हीच भाकरी अकरा इंच असायची. आता पावणेनऊ. हयगय व्हायला लागली."

व्याही हसले. ते हसले त्याचं काही नाही, पुरुष माणूस कशालाही हसतो. विहीणबाईही हसल्या. काकूंनी सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं, भांडी घासली, एक पिशवी भरली आणि व्याह्यांच्या गाडीत जाऊन बसल्या. "चार दिस लेकीकडं जाऊन येते," एवढंच. मालक म्हणाले, "बरं."

चार दिवस होतात न होतात तोच सगळा देश बंद झाला.

मालकांच्या अंगावरून केवढं मोठं ओझं उतरलं, हे फक्त मला ठाऊक. कुणाचाही फोन आला की ते सांगायचे, "काय करणार, अडकली हो बिचारी शेवगावात. रस्ते बंद." रस्ते बंद होते हे खरंच होतं. त्यामुळे काकू रुसून गेल्यात की अडकल्यात, हे सरकारच्या कृपेनं झाकून राहिलं. रस्ते उघडले की कळणार होतं. म्हणून रस्ते उघडू नयेत असं मनापासून वाटणारा देशात हा एकच माणूस असावा. टीव्हीवर मुदत वाढल्याचं सांगितलं की गल्लीभर हळहळ व्हायची. मालक खालून विचारायचे, "कितीनं वाढली?"

"पंधरवडा," मी वरून सांगायचो.

"बास?" त्यांच्या तोंडून निघून जायचं. मग, "नाही म्हणजे, रोग वाईट आहे."

तेव्हा छंदांची साथ रोगापेक्षा जोरात होती. जो तो केक करत होता, नाहीतर चित्रं काढत होता. मालकांनीही ठरवलं की रिकामं बसायचं नाही. मोजणी खात्यात अर्जाचे तीन प्रकार असायचे, साधी मोजणी, तातडीची आणि अतितातडीची. काम तेच, वाट किती बघायची एवढाच फरक. छंदांचीही त्यांनी तशीच यादी केली. बासरी साध्यात घेतली, गच्चीवरची भाजी तातडीत, योगासनं साध्यात. अतितातडीचा रकाना मोकळा ठेवला होता.

बासरी मिळायला दुकानं कुठं उघडी होती? त्यांनी नळाच्या प्लास्टिक पाइपची केली. मोबाइलवर मापं बघून भोकं पाडली, एक मिलिमीटर इकडंतिकडं नाही. आठ दिवस फुंकली. सायकलची हवा जाताना होतो तेवढाच आवाज यायचा. मी म्हणालो, "काका, भोकं जरा मोठी करून बघा."

"भोकं बरोबर आहेत. फुंकणारा चुकतोय," असं म्हणून त्यांनी स्वतःविरुद्ध शेरा लिहिला आणि प्रकरण निकाली काढलं. योगासनांत कोनमापक घेऊन मला शेजारी उभं केलं. पाय नव्वद अंशांत गेला पाहिजे असं पुस्तकात होतं, तो चाळीसला थांबला आणि मालक तिथंच अडकले. त्यांना सोडवताना माझी कंबर धरली, ती मला अजून थंडीत आठवण करून देते.

गच्चीवर त्यांनी मातीचे वाफे केले आणि प्रत्येकाला गट नंबर दिला. मेथी एक, कोथिंबीर दोन, पालक तीन. मेथी जोरात आली आणि बांध ओलांडून कोथिंबिरीत शिरली. मालकांनी तिला नोटीस दिली. हसू नका, खरंच दिली. वहीतल्या कागदावर लिहून काठीला बांधून वाफ्यात रोवली. आठ दिवसांची मुदत. मुदत संपली तेव्हा मेथीचं अतिक्रमण काढण्यात आलं आणि आम्ही ते भाजी करून खाल्लं. त्या सबंध उन्हाळ्यातलं तेवढंच एक जेवण मला चांगलं आठवतं.

कारण जेवणाचे हालच होते. मी अकोल्याकडचा, भात शिजवता येतो तेवढा. महिना दीड महिना मी भात करायचो आणि ते खाली वरण करायचे. मालक मुकाट्यानं जेवायचे, पण एकदा हात धुता धुता म्हणाले, "अकोले, भातानं पोट भरतं हो, जेवण होत नाही." दुसऱ्या दिवशी अतितातडीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, भाकरी.

पहिली भाकरी परातीतच तुटली. दुसरी तव्यावर गेली, पण तिला कडा सुटल्या. मालकांनी ती लांब धरून बघितली आणि म्हणाले, "ही पाथर्डी झाली." तिसरी जामखेडसारखी निघाली. नकाशातले बरेच तालुके होऊन गेले. पिठाला पाणी किती, याचं माप त्यांना पुस्तकात सापडेना. काकूंना विचारावं तर फोन करावा लागणार. फोन रोज व्हायचाच तसा, संध्याकाळी, लेकीच्या मोबाइलवर. पण लेकच बोलायची. काकू 'कामात' असायच्या.

महिन्याभरात मात्र जमली. मन लावलं होतं त्यांनी. मूठभर पिठात किती पाणी हे हाताला कळायला लागलं, आणि ज्या दिवशी भाकरी टम्म फुगली त्या दिवशी हा पोक्त माणूस तवा तसाच ठेवून अंगणात गेला आणि कंपाउंडपाशी उभा राहिला. मला वाटलं पोळलं. पोळलं नव्हतं. त्यांना ती कुणाला तरी दाखवायची होती आणि दाखवायला मी सोडून कुणी नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. भाकरी भरली साडेदहा इंच. मी वाचली, सही केली.

पुढं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुरू झाल्या. मालक म्हणाले, "निम्म्याच सीटा भरतात. उभ्यानं यायचं का तिनं?" निम्म्याच सीटा भरतात तर उभं कशाला राहावं लागेल, हे मी विचारलं नाही. मग एका संध्याकाळी फोन चालू असताना त्यांचा हात पिठाचा होता, म्हणून फोन स्पीकरवर होता. लेक म्हणाली, "पप्पा, हे म्हणतात आईला गाडीनं सोडायला येतो. पण आईच न्हाई म्हणते."

मालक मोठ्यानं म्हणाले, "आवाज येत नाही."

"पप्पा, आईच न्हाई म्हणते!"

"अगं रेंज नाही इथं. ठेवतो." आणि पिठाच्या बोटानं फोन बंद केला. आवाज रस्त्यापर्यंत गेला होता.

आता काय करायचं, हे त्या माणसाला समजेना. कुणी रुसून गेलं तर न्यायला जावं, चार शब्द बोलावेत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. नोटीस काढली. चांगल्या कागदावर, वळणदार अक्षरात. 'आपणांस कळविण्यात येते की, येत्या गुरुवारी सकाळी ठीक अकरा वाजता राहत्या घरी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' खाली सही. फोटो काढून लेकीच्या मोबाइलवर पाठवला आणि मला म्हणाले, "जरा मऊच भाषा ठेवलीये."

मी म्हणालो, "काका, हे बरं दिसत नाही."

"का? 'समक्ष' लिहिलंय की. नुसतं 'हजर' नाही लिहिलं."

गुरुवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे राहिले. अकरा वाजले. बारा वाजले. उन्हात टोपी न घालता उभे होते. एकच्या सुमाराला आत आले आणि वहीत लिहिलं, 'अर्जदार हजर. सामनेवाले गैरहजर.' पंच म्हणून सही मागितली. मी पहिल्यांदाच नाही म्हणालो. त्यांनी वही मिटली, रागावले नाहीत. त्या दिवशी भाकरी केली नाही, भातच खाल्ला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पालकाला पाणी घालायला बादली घेऊन गच्चीवर चढताना ते पायरीवरून घसरले. उजव्या मनगटावर पडले. दवाखान्यात जायची तेव्हा सगळ्यांनाच धास्ती, त्यामुळे हळद लावून फडकं बांधलं. मी म्हटलं, "थोडे दिवस भाकरी राहू द्या." पण वहीत खाडा पडायला नको. दुसऱ्या दिवशी ओठ चावत थापली. मी वाचली. सव्वानऊ.

"पीठ जुनं झालं," ते म्हणाले.

नवं दळण आणलं. नऊ. तिसऱ्या दिवशी, पुन्हा नऊ. तळव्याला जोर देता येत नव्हता, भाकरी कडेला पसरतच नव्हती. मालकांना पिठाचाच संशय. काकूंच्या वेळी पीठ जुनं झालं की किती भरायची, हे बघायला त्यांनी मागची वही काढली.

मी समोर बसलो होतो. ते पानं उलटत होते. आधी भरभर, मग सावकाश. एका पानावर बोट ठेवलं, मग पुढच्या पानावर, मग एकदम वर्षभर पुढं. अकरा, अकरा, पावणेअकरा. दहा. साडेनऊ. नऊ. पावणेनऊ. प्रत्येक आकड्यापुढं माझी सही.

"अकोले," ते म्हणाले, "हिचा हात दुखत होता."

मी वही माझ्याकडं ओढली.

"दोन वर्षं दुखत होता हो. रोज लिहीत होतो मी. रोज!" आवाज फुटला त्यांचा. "माप बरोबर आहे. मी वाचलं चुकीचं. सगळ्यांसमोर हयगय म्हणालो तिला."

डोळ्याला लावायला त्यांनी जो हात उचलला तो दुखरा निघाला, म्हणून मग डावा लावला. मलाही लाज वाटली. पंच होतो मी. पंचानं नुसता आकडा वाचायचा नसतो, समोर काय चाललंय ते बघायचं असतं. मी मटण बघत होतो.

मित्राची गाडी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेवगावला निघालो. वाटेत मालकांच्या खिशात एक कागद होता. जबाब लिहून आणला होता, चांगला दीड पान. तोंडाला मास्क, त्यामागं ते पाठ करत होते. मी खिडकी खाली केली नाही, उगाच त्यांचा सूर तुटायला नको.

काकू ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. डाव्या हातानं. उजवा मांडीवर ठेवलेला. आम्हाला बघून उठल्या नाहीत, लेकीला म्हणाल्या, "पावन्यांला पानी दे." पावणे आम्ही दोघं. मालकांनी खिशातला कागद काढला, उलगडला, काकूंच्या हाताकडं बघितलं आणि कागद परत घडी करून ठेवला. लेक दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"हात कधीपासनं दुखतोय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी वर बघितलं नाही. "तुमच्या वहीत आसंल की," म्हणाल्या.

"आहे," मालक म्हणाले. "मला वाचता आलं नाही गं. चुकलो मी."

लसणाची एक पाकळी सोलायला किती वेळ लागतो? काकूंनी ती सोलली, ताटलीत ठेवली, दुसरी घेतली, ती तशीच खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. मग मालकांच्या मनगटावरच्या फडक्याकडं लक्ष गेलं. "आन् तुमच्या हाताला काय झालं?"

"पडलो. पालकाला पाणी घालताना."

"तुमी? पालकाला?" काकू एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ताटली सरकवली. "घरी यायचं का न्हाई ते मी मागनं बघन. आदी मला हाडाच्या डॉक्टरकडं न्या. दोन वर्सं झाली, कुनी इचारलं न्हाई. लेकीला सांगितलं न्हाई मी, तुमचं नाव जाईल म्हनून. चला."

"आत्ता?"

"आत्ता."

गाडी नगरला डॉक्टरकडे आणली. काकू मागं, मालक पुढं माझ्या शेजारी. दवाखान्यात पेशंटबरोबर एकालाच सोडत होते. मालक दारातल्या माणसाला म्हणाले, "हे पण आत येतील." माणूस म्हणाला, "हे कोण?" "पंच," मालक म्हणाले. तो माणूस इतका गोंधळला की त्यानं मला सोडलं.

डॉक्टर प्लास्टिकच्या पडद्यामागं बसले होते. काकूंचं मनगट त्यांनी दाबून बघितलं, अंगठा वळवून बघितला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी केसपेपर ओढला.

"कधीपासून दुखतंय, मावशी?"

काकूंनी नवऱ्याकडं बघितलं. मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले, साहेबासमोर उभं राहावं तसे.

"दुखतंय दोन वर्षांपासून," ते म्हणाले. "मला कळलं काल."

डॉक्टरांनी दोन वर्षं लिहिलं आणि पुढं विचारायला मान वर केली.

काकू म्हणाल्या, "ह्यांना काल कळलं, तेबी लिवा."